आपल्याच लोकांना नाही म्हणणारा माणूस

आमच्याकडं अमेरिकेचा विषय निघाला की गाडी लगेच ट्रम्पवर येते, कोणी म्हणतं बरोबर करायलाय, कोणी म्हणतं देशाचं वाटोळं केलं, आणि चहा संपायच्या आत दोन पार्ट्या पडतात. मला त्या भांडणात पडायचं नाही. सगळं एका माणसावर ढकललं की खरा प्रश्न बाजूलाच राहतो. प्रश्न असा आहे की समोरच्या पक्षाशी बसून मार्ग काढणाऱ्या माणसाला तिथं आता त्याचाच पक्ष टिकू देत नाही.

आधी असं नव्हतं का? होतं, पण निभावून नेणारे निघत होते. 1950 ची गोष्ट घ्या. जोसेफ मॅकार्थी नावाचा रिपब्लिकन सिनेटर, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहाचा सदस्य, त्या फेब्रुवारीपासून परराष्ट्र खात्यात कम्युनिस्ट भरलेत, माझ्याकडं यादी आहे म्हणत सुटला. पुरावा काही देईना. पण लोक इतके घाबरलेले की त्याच्याविरुद्ध बोललं तर उद्या आपलंच नाव यादीत येईल, म्हणून मोठमोठे पुढारी तोंडाला कुलूप लावून बसले. तेव्हा मेन राज्याच्या मार्गारेट चेस स्मिथ उठल्या, त्याच पक्षाच्या, आणि अख्ख्या सिनेटमध्ये त्यावेळी त्या एकट्या बाई. 1 जूनला सभागृहाकडं निघाल्या तर वाटेत मॅकार्थीच भेटला, म्हणाला फार गंभीर दिसताय, भाषण करणार काय? बाई म्हणाल्या, हो, आणि ते तुम्हाला आवडणार नाही. जेमतेम पंधरा मिनिटं बोलल्या, त्याचं नाव एकदाही घेतलं नाही, पण भीती, अज्ञान, द्वेष आणि बदनामी यांच्यावर स्वार होऊन माझा पक्ष जिंकलेला मला बघायचा नाही असं तोंडावर सांगितलं. पक्षातल्या फक्त सहा जणांनी त्यांच्या निवेदनाला साथ दिली. मॅकार्थीनं त्यांची टिंगल केली, एका समितीवरून काढलं, 1954 ला त्यांच्याच राज्यात पक्षातल्या पक्षात त्यांच्याविरुद्ध माणूस उभा केला. मेनच्या रिपब्लिकन मतदारांनी त्या माणसाला पाडलं, बाई परत निवडून आल्या, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सिनेटनं 67 विरुद्ध 22 मतांनी मॅकार्थीच्या निषेधाचा ठराव केला.

मला यात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो मेनचा मतदार. बाईंचं धाडस मोठं होतंच, पण त्यांना घरी बसवलं नाही ते त्या मतदारानं.

आता 2021 बघा. 6 जानेवारीला कॅपिटॉलवर, म्हणजे तिथल्या संसदेच्या इमारतीवर, ट्रम्प समर्थकांचा जमाव चालून गेला, आणि आठवडाभरात हाऊसमधल्या, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहातल्या, दहा रिपब्लिकन सदस्यांनी स्वतःच्या पक्षाच्या राष्ट्राध्यक्षाविरुद्ध, ट्रम्पविरुद्धच, महाभियोगाला मत दिलं. त्यातल्या चौघांनी पुढची निवडणूकच लढवली नाही, चौघं प्रायमरीत म्हणजे पक्षाच्या उमेदवारीसाठीच्या मतदानातच पडले, वायोमिंगच्या लिझ चेनी त्यातच. परत निवडून आले फक्त दोघं. एक कॅलिफोर्नियाचा, एक वॉशिंग्टन राज्याचा, आणि या दोन्ही राज्यांत प्रायमरी पक्षापुरती नसते, सगळे उमेदवार एकाच मतपत्रिकेवर आणि पहिले दोन पुढं जातात. एवढ्यानं सगळं भागतं असं नाही, कारण त्याच वॉशिंग्टन राज्यातली एक सदस्य पडलीसुद्धा. पण बाकीच्या सहा राज्यांतून एकही परत आला नाही, हे विसरता येत नाही.

त्या दहांतल्या पीटर मायर या मिशिगनच्या सदस्याचं जे झालं ते वाचून तर मला लै राग आला होता. त्याच्याविरुद्ध पक्षातला एक कट्टर उमेदवार उभा होता, आणि त्या कट्टर माणसाची हवा करायला पैसे कोणी घातले, तर डेमोक्रॅटिक पक्षाच्या समितीनं! चार लाख डॉलरच्या वर खर्चून टीव्हीवर जाहिरात चालवली, वरून टीका वाटावी पण कट्टर मतदार खूश व्हावा अशी. हिशोब असा की मायर गेला की समोरचा सोपा जाईल. तसंच झालं, मायर पडला आणि नोव्हेंबरात सीट डेमोक्रॅटांना मिळाली. लोकशाही धोक्यात आहे म्हणून रोज सांगणाऱ्या पक्षानं, लोकशाहीसाठी आपलं करिअर पणाला लावलेल्या माणसाला पाडायला हातभार लावला. दोन्ही बाजूंचा खेळ आहे म्हणतो ते यासाठी.

यामागचं गणित काही लै अवघड नाही. हाऊसच्या 435 जागांपैकी बहुतेक जागा आधीच कोणत्यातरी एका पक्षाच्या पक्क्या असतात, काही लोक आपापल्या विचारांच्या वस्तीत राहतात म्हणून आणि काही मतदारसंघाच्या सीमाच तशा आखतात म्हणून. मग खरी लढत प्रायमरीत, आणि प्रायमरीला येतात थोडेच, जे येतात ते जास्त तापलेले. मग सदस्याला भीती कोणाची, तर विरोधकाची नाही, आपल्यातल्याच आणखी कडक माणसाची. 2025 ला टेक्सासनं रिपब्लिकनांच्या फायद्याचा नवा नकाशा केला, उत्तर म्हणून कॅलिफोर्नियानं डेमोक्रॅटांच्या फायद्याचा केला, म्हणजे हे रान अजूनच वाढायलं. आणि किंमत मोजतंय कोण? त्याच वर्षी 1 ऑक्टोबरपासून 43 दिवस सरकारचं कामकाज बंद होतं, तोवरचं सगळ्यात लांब, आणि सरकारी अन्नमदतीवर असलेल्या सुमारे 4 कोटी 20 लाख लोकांचे नोव्हेंबरचे पैसे अडकले. त्यांच्या चुलीचा काय संबंध या भांडणाशी?

आता काही जण म्हणतील, मध्यममार्ग म्हणजे गप्प बसा, दोन्हीकडं मान हलवा. हा आक्षेप खोटा नाही आणि मराठवाड्यातल्या माणसाला तो लगेच कळायला पाहिजे. 1963 ला मार्टिन ल्यूथर किंग यांनी बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलं होतं की उघड द्वेष करणाऱ्यापेक्षा, तुमची मागणी बरोबर पण आत्ता नको म्हणणारा मवाळ गोरा माणूस आम्हाला जास्त आडवा येतो. आमच्याकडं विधिमंडळानं 1978 ला विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला, गावोगावी दलित वस्त्या जळाल्या, आणि कितीतरी शिकलेसवरलेले लोक आत्ता वेळ नाही म्हणत बसले. 14 जानेवारी 1994 उजाडावा लागला तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ असं दोन्ही नावं राखून नाव झालं. हा शेवटी मधला मार्गच होता ना, पण तो गप्प बसणाऱ्यांनी काढलेला नव्हता, रस्त्यावर उतरलेल्यांनी सरकारला तिथवर आणलं होतं. अमेरिकेतसुद्धा 1964 चा नागरी हक्क कायदा किंग यांच्या चळवळीमुळं आला, पण सिनेटमधली कोंडी फुटली ती रिपब्लिकन नेते डर्कसन आणि डेमोक्रॅट हंफ्री एकत्र आले म्हणून, 71 विरुद्ध 29. चळवळीनं ताणायचं आणि सभागृहात कोणीतरी पलीकडच्या माणसाचा हात धरायचा, दोन्ही लागतं. पलीकडच्याचा हात धरणारा आपल्या लोकांत गद्दार ठरला की चळवळ कितीही मोठी असो, कायदा होत नाही.

आणि हे मी एवढं पोटतिडकीनं लिहायलो कारण आमच्याकडं काय चाललंय ते बघायलो. ऑक्टोबर 2023 ला बीड जिल्ह्यात आमदारांची घरं पेटवली. नंतर लोकसभेच्या वेळी मराठा-ओबीसी असं गावागावात फाटलं, त्यांच्या दुकानात जायचं नाही असे मेसेज फिरले. आमच्या गावच्या एका रिटायर्ड गुरुजींनी ग्रुपवर उघड लिहिलं, माझी दाढी तीस वर्षं तोच माणूस करतो आणि उद्याही तोच करणार. अर्ध्या तासात गुरुजींना ग्रुपमधून काढलं. काढणारे सगळे त्यांच्याच समाजाचे, त्यातले निम्मे त्यांच्याच हाताखाली शिकलेले! एकानंसुद्धा त्यांची बाजू घेतली नाही.

आपल्याकडं आमदाराला निदान सांगायला कारण तरी आहे, 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्यानं व्हिप मोडला तर पद जातं. अमेरिकेत असा कायदाच नाही. तिथला सदस्य पक्षाविरुद्ध खुशाल मत देऊ शकतो, त्याला रोखते ती फक्त पुढची प्रायमरी, आणि प्रायमरीचा नियम बदलता येतो. अलास्कानं 2020 ला तो बदलला, सगळ्यांची एकच प्रायमरी, पहिले चार पुढं आणि मग पसंतीक्रमानं मतदान. ट्रम्प यांना त्या महाभियोगात दोषी ठरवायला मत दिलेल्या लिसा मुर्कोव्स्की 2022 ला तिथूनच परत सिनेटवर गेल्या. 2024 ला हा नियम मोडीत काढायला मतदान झालं आणि तो अगदी थोड्या मतांनी वाचला.

आमच्या गावच्या ग्रुपला असा नियम लावता येत नाही. तिथं ॲडमिनला फोन करून गुरुजींना परत घ्या म्हणावं लागतं, आणि मी तो केलाय. अजून घेतलं नाही, पण आता आम्ही चौघं जण म्हणायलोत.