धुराची वाट

धुराड्याला मराठीत चिमणी म्हणतात ते इंग्रजी शब्दावरून, पाखराशी त्याचं काही नातं नाही. तरीही वर्षानुवर्षं बंद असलेलं धुराडं उघडलं की बऱ्याचदा आधी पाखरांचाच संसार खाली येतो. कावळ्याच्या कुळातले काही पक्षी वरून काड्या टाकत राहतात. एखादी आडवी अडकते, तिच्यावर दुसरी, आणि बघता बघता पोतं भरेल एवढं घर उभं राहतं. जुन्या घरात लाकडाची शेगडी बसवायची तर पहिलं काम हे: धुराडं वरपासून खालपर्यंत झाडून मोकळं करणं. शेगडीचा आकार, रंग, काचेचं दार हे सगळं नंतर. पण बहुतेक घरांत शेगडी आधी दारात येऊन पडते आणि मग लोक भिंतीकडे बघायला लागतात.

आग पेटवणं सोपं आहे. धूर गरम राखून वरपर्यंत पोचवणं अवघड. उघड्या आगीसाठी बांधलेलं धुराडं आतून साधारण नऊ इंच चौरस असतं, म्हणजे जवळपास ५०० चौरस सेंटिमीटर. उघडी आग खोलीतली हवा भसाभस ओढते, तिला एवढी ऐसपैस वाट लागते. बंद दाराची शेगडी मात्र मोजकीच हवा घेते. तिचा थोडासा धूर त्या थंडगार विटांच्या पोकळीत रेंगाळतो, निवतो, आणि त्यातली वाफ अन् डांबर भिंतीला धरतात. हे डांबर म्हणजे साठलेलं जळणच. एखाद्या दिवशी आग जास्त भडकली की तेही पेटतं. पेटलं नाही तरी विटांतून झिरपून वरच्या मजल्याच्या भिंतीवर तपकिरी डाग उमटवतं. त्यावर कितीही हात रंगाचे मारा, डाग परत डोकावतो.

म्हणून आत स्टेनलेस स्टीलची लवचीक नळी सोडतात. १५० मिलिमीटर व्यासाच्या नळीचं तोंड सुमारे १७७ चौरस सेंटिमीटर, जुन्या वाटेच्या जेमतेम तिसरा हिस्सा. अरुंद वाटेनं धूर भरभर वर जातो आणि गरम राहतो. नळीच्या टोकाला निमुळती टोपी आणि दोर बांधून ती छपरावरून सोडायची; वरच्यानं द्यायचं, खालच्यानं नुसती दिशा दाखवायची. वाकणावर अडकली म्हणून खालच्यानं हिसका दिला की आतला पापुद्रा फाटतो, आणि फाटलेला दिसतही नाही. नळीवर बाण छापलेला असतो, तो धुराच्या दिशेनं, म्हणजे वर हवा. उलटी बसली तर आतल्या प्रत्येक कडेवर डांबर थबकतं आणि ब्रशही अडकतो.

शेगडीच्या डोक्यावरच्या जाड पाइपात तर भलेभले फसतात. एक तुकडा दुसऱ्यात बसतो, नर-मादी पद्धतीनं. आपलं मन सांगतं की धूर वर जातो, तेव्हा खालचा तुकडा वरच्याच्या आत शिरू दे, म्हणजे फटीतून धूर यायचा नाही. खरं उलटं आहे: नराचं टोक खाली हवं. ओढ नीट असेल तर पाइपातला दाब खोलीपेक्षा कमी असतो, त्यामुळे फटीतून धूर बाहेर येत नाही, उलट खोलीतली हवाच आत खेचली जाते. बाहेर येतं ते खाली ओघळणारं डांबर. नर खाली असला तर ते मुकाट शेगडीत परत जातं. वर असला तर सांध्यातून काळे ओघळ पाइपावर उतरतात आणि खोलीला जळका वास धरतो.

आता भिंतीतली जुनी फायरप्लेस. बिडाची चौकट भिंतीला कानांनी धरलेली असते: वरच्या बाजूला, दोन्हीकडे एकेक भोकाचा कान, त्यात स्क्रू, आणि त्यावर प्लास्टर. कान न शोधता पहार घातली की बीड तडकतं, कारण त्याला लवणं माहीत नाही. कडेचं प्लास्टर हलक्या हातानं खरवडायचं, गंजलेल्या स्क्रूवर तेल सोडून रात्रभर थांबायचं. चौकट वरच्या अंगाला जड असते, सुटताक्षणी पुढे झुकते. तेव्हा दोन माणसं हवीत. जुन्या रंगाच्या थरांत शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासू नये, रंग उतरवायचा लेप लावावा. मग तारेचा ब्रश, ग्रॅफाइटचं काळं पॉलिश, आणि फडक्यानं चमक येईपर्यंत घासणं.

उघडीच आग ठेवायची असेल तर पाठीमागची भाजक्या मातीची पाठ बहुधा तडकलेली निघते. ती बदलताना एक गंमत करतात. नव्या पाठीच्या मागे नालीदार पुठ्ठा चिकटवतात आणि त्यामागची पोकळी चुना आणि व्हर्मिक्युलाइट (तापवून फुगवलेलं हलकं खनिज) यांच्या हलक्या मालानं भरतात. पहिल्या काही आगींत पुठ्ठा जळून जातो आणि त्याच्या जागी बोटाएवढीही नसलेली फट राहते. तापलेली पाठ फुगायला तेवढी पुरते. पुठ्ठा विसरून मागे सिमेंटचा पक्का माल ठासला की पाठीला फुगायला जागा उरत नाही आणि ती पुन्हा तडकते. काउंट रम्फर्ड या शास्त्रज्ञानं १७९६ साली लिहून ठेवलं, की चुलाणं उथळ करा, बाजूच्या भिंती तिरप्या घ्या, घसा, म्हणजे आगीवरची धूर आत शिरायची अरुंद वाट, चार इंचांवर आणा. म्हणजे धूर कमी आणि ऊब जास्त. अजून त्यात फारशी दुरुस्ती झालेली नाही.

शेगडी केवढी घ्यावी? खोलीचं आकारमान घनमीटरमध्ये काढून ढोबळमानानं १४ नं भागायचं. पाच बाय चार मीटरची, २.८ मीटर उंचीची खोली म्हणजे ५६ घनमीटर, तिला चार किलोवॅट पुरे. हौसेनं आठ किलोवॅटची घेतली की खोली तापून हवेची वाट दाबून ठेवावी लागते. मग आग गुदमरते, काच काळी होते आणि डांबर साठतं. बसवण्याआधी वरच्या प्लास्टरमागे ठोकून बघावं, तिथे जुनी लाकडी तुळई लपलेली असू शकते. उघड्या पाइपापासून लाकूड निदान पाइपाच्या व्यासाच्या तिप्पट अंतरावर हवं; १५० मिलिमीटरला ४५० मिलिमीटर.

खिडक्या-दारं घट्ट केलेल्या घरात शेगडीला हवेचं भोक द्यावंच लागतं. नाहीतर स्वयंपाकघरातला हवा बाहेर फेकणारा पंखा सुरू झाला की धूर उलट खोलीत येतो. त्याच्याबरोबर कार्बन मोनॉक्साइडही येतो. त्याला ना वास ना रंग, म्हणून त्याच खोलीत त्याचा अलार्म हवा.

लाकडात २० टक्क्यांहून कमी ओल असावी. ओल मोजायचं मीटर ढलपीच्या बाहेर टोचून उपयोग नाही, ती नव्यानं फोडून आतल्या गाभ्यात टोचायचं. सुक्या लाकडाच्या किलोमागे चार किलोवॅट-तास उष्णता मिळते, पण त्यातली काही धुराबरोबर निघून जाते, म्हणून चार किलोवॅटच्या शेगडीला तासाला सव्वा ते दीड किलो लाकूड. राखेचा दोन-तीन सेंटिमीटरचा थर खाली राहू द्यावा, लाकूड त्यावर छान जळतं. काळी काच पुसायलाही हीच राख, ओल्या कागदावर घेऊन.

पहिल्या तीन-चार आगी लहानच, खिडक्या उघड्या ठेवून. नव्या रंगाचा वास येतो. धुराड्यात थंड हवेचा बोळा बसला असेल तर आधी चुरगळलेला कागद वरच्या अंगाला धरून पेटवावा. ओढ लागली की ज्वाळा वर पळताना दिसते. मग जाड लाकडं खाली, बारीक चिपाटं वर, आणि पेटवायचं वरून. पंधरा-वीस मिनिटांनी बाहेर जाऊन छपराकडे बघावं. दाट करडा धूर दिसला तर लाकूड ओलं आहे किंवा हवा कमी पडतेय. काहीच दिसलं नाही, नुसती धुराड्याच्या तोंडावरची हवा थरथरत होती, तर आत येऊन दार बंद करावं आणि हवेची किल्ली अर्ध्यावर आणावी.