संत्र्याची एकच बाजू वाळली तेव्हा

अमरावतीला आमच्या अंगणात नागपुरी संत्र्याचं झाड आहे, बाबांनी लावलेलं. ऑगस्टमधली झड उघडली आणि त्याच्या पूर्वेकडच्या फांद्या पिवळ्या पडू लागल्या. आधी पानांच्या शिरा, मग अख्खी पानं. बघता बघता ती बाजू बोडकी झाली. पश्चिमेची बाजू मात्र हिरवीगार. येणारा-जाणारा युरिया टाकायला सांगत होता. मला ते पटेना. अन्न कमी पडलं असतं तर झाड सगळीकडून उतरलं असतं, अर्धंच का?

वाळल्या फांद्यांची साल नखाने खरवडून पाहिली. शेंड्याला आत तपकिरी, हातभर खाली अजून हिरवी. फांदीत जीव होता, पण पाणी पोचत नव्हतं. साल खाणाऱ्या अळीची जाळी किंवा भुसा खोडावर कुठेच नव्हता, छिद्रंही नव्हती.

मोर्शीकडे मामांची बाग आहे. त्यांना फोटो पाठवले. त्यांचा लगेच फोन आला, "शेंड्याकडे काय पायतं वं, बुडाकडे पाय!"

खुरपं घेऊन बसले. उन्हाळ्यात अंगणात फरशी बसवताना मजुरांनी उरलेली माती बुंध्याशी लोटली होती. कलमाचा जोड, म्हणजे खालचा मुळांचा खुंट आणि वरचं संत्रं जिथे जोडलेलं असतं ती जागा, जमिनीच्या निदान अर्धा फूट वर हवा, तो पार गाडला गेला होता. माती सारली तशी पूर्वेकडची साल दिसली: ओली, काळपट, आंबूस वासाची. सुरीच्या टोकाने ती भिजल्या पुठ्ठ्यासारखी सुटून आली. तिच्या थोडं वर डिंकाचे पिवळसर थेंब. बारीक मुळी चिमटीत धरून ओढली, तर वरचं साल निघून हातात नुसता दोरा राहिला. आणि ही कुजकी जागा नेमकी वाळलेल्या फांद्यांच्या खाली. त्या बाजूची मुळं प्रामुख्याने त्याच बाजूच्या फांद्या पोसतात, म्हणून झाड अर्धंच वाळलं होतं.

मामांनी नाव सांगितलं, डिंक्या. फायटोफ्थोरा या बुरशीसारख्या सूक्ष्मजीवाचा रोग. त्याचे बीजाणू पाण्यात पोहत पसरतात, त्यामुळे चिखलात गाडलेलं खोड त्याला आयतंच सापडतं. आमच्या झाडाचा खुंट जंबेरी लिंबाचा; या रोगापुढे रंगपूर लिंबाचा खुंट त्या मानाने जास्त तग धरतो.

जोड उघडा पडेपर्यंत माती काढली. कुजकी साल निरोगी भाग लागेपर्यंत खरवडली आणि खाली पडू न देता गोळा करून जाळली. मग खोडाला लावायचं बुरशीनाशक बोर्डो मलम: 100 ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट), 100 ग्रॅम कळीचा चुना, एक लिटर पाणी. दोन्ही प्लास्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत भिजवून नंतर एकत्र करायचं. त्यात लोखंडी खिळा बुडवला तर तो तांबूस झाला, म्हणजे चुना कमी. थोडा चुना वाढवला, दुसरा खिळा जसाच्या तसा निघाला, तेव्हाच मलम लावलं. मुळांशी मेटॅलॅक्झिल-मॅन्कोझेबचं मिश्र बुरशीनाशक, लिटरला अडीच ग्रॅम, ओतलं. वाळलेल्या फांद्या हिरवा भाग लागेपर्यंत छाटल्या आणि कापांवरही मलम लावलं.

पाणी आता दुहेरी आळ्यात देते. आतलं आळं खोडाभोवती कोरडंच राहतं, पाणी बाहेरच्या आळ्यात. पूर्वेला, कापाखाली नवे फुटवे आलेत. अर्ध्या मुळांवर फळांचा भार नको, म्हणून यंदाचा आंबिया बहार (हिवाळा सरताना येणारा फुलोरा) झाडून टाकला. आईला वाईट वाटलं, पण झाड टिकवायचंय. पावसाळ्याआधी खोडाला पुन्हा मलम लावणार आहे, आणि फरशीची पूर्वेकडची एक ओळ काढून पाण्याला वाट करून देणार आहे.