चित्रातली सुरई भिंतीबाहेर: कामाची नोंद

माझ्या एका सपाट स्थिरचित्रातली (मांडून ठेवलेल्या वस्तूंच्या चित्रातली) सुरई, टेबल आणि चुरगळलेलं कापड, तिन्ही आता पुठ्ठ्यात आणि कॅनव्हासमध्ये उभी आहेत. जोडकाम जमलं. अडलंय ते सुरईच्या तोंडाशी.

चित्रात ते तोंड लंबवर्तुळ होतं, जसं वरून किंचित खाली बघताना दिसतं तसं. तोच आकार कापून सुरईवर आडवा ठेवला, तर डोळा त्याला पुन्हा एकदा चपटा करतो आणि सुरई कुणीतरी दाबल्यासारखी दिसते. यथादर्शन, म्हणजे डोळ्याला दिसतं तसं अंतर आणि कोन दाखवणं, एकदा चित्रात येऊन गेलं, आता खरी जागा तेच परत करते. मग दोनच वाटा: पूर्ण गोल कापून आडवा ठेवायचा, किंवा लंबवर्तुळ चित्रातल्यासारखंच बघणाऱ्याकडे तोंड करून उभं ठेवायचं. मी दुसरी धरली. समोरून हुबेहूब चित्र, बाजूला गेलं की नुसती पट्टी. गोल लावला असता तर सुरई झाली असती, माझ्या चित्रातली सुरई नाही.

टेबलाचंही तेच. मागे निमुळती होत जाणारी फळी तशीच कापली आणि थोडी पुढे कलती ठेवली.

सावल्यांनी मात्र जास्त दिवस खाल्ले. सुरईची उजवी बाजू चित्रात अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) या रंगांनी गडद केलेली आहे. तो आकार खऱ्या उजेडात आला की स्वतःची सावली पाडतो. दिवा उजवीकडून लावला तर रंगवलेला अंधार उजळतो आणि सुरई मळकट वाटते. म्हणून एका प्रतीवर रंगवलेल्या सावल्या पुसून सपाट रंग लावला. स्वच्छ, पण खेळण्यासारखी. दुसरीवर उलट केलं: जिथे खरी सावली पडते तिथे उबदार नारिंगी. हे आवडलं. कोपरा काळा न पडता आतून तापल्यासारखा दिसतो, आणि खोलपणा मुद्दाम कमी भासतो.

पुठ्ठ्याच्या कापलेल्या कडेकडे पूर्वी लक्ष नव्हतं. चित्रात कड म्हणजे रेघ, इथे तिला जाडी आहे. ती पांढरी सोडली तर सगळ्या आकाराभोवती बाह्यरेषा ओढल्यासारखं होतं. सध्या शेजारच्या वस्तूचा रंग कडेवर लावते.

पिकासोने १९१२ मध्ये पुठ्ठा, दोरी आणि तार घेऊन केलेली गिटार आठवा (१९१४ मध्ये ती त्याने पत्र्यात केली). गिटारचं भोक खड्डा नाही, उलट नळकांडं होऊन पुढे येतं. पोकळीच्या जागी फुगीर भाग, तरी डोळा भोकच वाचतो. त्यावरून सुरईच्या पोटाला गोलाई देण्याचा हट्ट सोडला; दोन पातळ्या एकमेकींपुढे आणि मध्ये फट. गडद छटेचं काम फट करते.

कापडासाठी ॲक्रिलिकने रंगवलेला कॅनव्हासच वापरला. कापण्याआधी मागून ॲक्रिलिक मिडियमचा (रंगद्रव्य नसलेल्या ॲक्रिलिकचा) हात दिला की कडेचे धागे सुटत नाहीत. मग पाणी घातलेला पीव्हीए डिंक (पांढरा डिंक) लावून तो कॅनव्हास ॲल्युमिनियमच्या तारेवर पसरला. जाड जेसो (रंगाआधी कॅनव्हासवर देतात ते पांढरं अस्तर) घडीवर तडकतो, तेव्हा थर पातळ ठेवा. गारठ्यात ॲक्रिलिकही ताठरतं, खोली उबदार असू द्या. जुन्या तैलचित्रावर हे करू नका, वाळलेलं तेल वाकत नाही, फुटतं.

गंमत अशी की घड्या आधीच रंगवलेल्या होत्या, आणि खऱ्या घड्या वेगळ्याच जागी पडल्या. फ्रेंच चित्रकार देगाच्या १८८१ सालच्या मेणाच्या नर्तिकेला खऱ्या कापडाचा झगा होता. माझं कापड मात्र कापडही आहे आणि कापडाचं चित्रही, आणि दोघांचं पटत नाही. ते तसंच ठेवलंय. रंगवलेल्या घड्या पुसल्या तर हे कुठल्याही कापडाचं शिल्प होईल.

मागची बाजू अजून उघडी आहे: तारा, टेप, पेन्सिलचे आकडे. चित्राला पाठ नसते, म्हणून तिथे काय रंगवायचं याचं उत्तर मूळ चित्रात नाही. आधी संपूर्ण पाठ एका राखाडी रंगात करून पाहणार आहे. कुणी पाठीसाठी वेगळंच चित्र रंगवलं असेल, तर कडेवर दोन्ही रंग कसे भेटवले ते सांगा.