आमची वाटचाल : दोन हजार ‘खर्या’ हापूस

चिपळूणच्या बाजारपेठेत आमचं दुकान आहे. दहा बाय बाराचा गाळा, दोन कॉम्प्युटर, रेडियम कापायचा एक प्लॉटर आणि दारात कायम कोणाचा तरी न नेलेला स्टँडी. मी, बायको आणि भाचा, एवढीच फर्म. आंब्याच्या खोक्यावरचं लेबल, गणपतीतला स्वागताचा फ्लेक्स, दुकानाच्या वर्धापनदिनाची व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवायची पोस्ट असली कामं आमच्याकडे येतात.

सुरुवात मात्र ब्रशनं झाली. दहावीनंतर मी एका पेंटरकाकांच्या हाताखाली होतो. गेरूत भिजवलेली दोरी पत्र्यावर ताणून धरायची आणि मधे टिचकी मारायची, की सरळ रेघ उमटते. तीच शिरोरेषा. काका म्हणायचे, “अक्षर रेघेवर बसत नाही रे, रेघेला लोंबकळतं. आधी रेघ.” त्यांच्याकडे एक जाड वही होती. वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिरातींतली कमल शेडगे यांची अक्षरं कापून त्यांनी तीत चिकटवली होती. प्रत्येक नाटकाचं नाव वेगळ्या वळणाचं, आणि नाटक काय जातीचं आहे ते नावावरूनच कळायचं. ‘मामा’ लिहायचं असेल तर काका दोन ‘म’ कधीच सारखे काढायचे नाहीत. दुसऱ्याचं पोट जरा मोठं ठेवायचे. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

मग फ्लेक्स आला आणि काका घरी बसले. मी कोरल हे डिझाइनचं सॉफ्टवेअर शिकलो. तेव्हाच्या मराठी सॉफ्टवेअरला डोंगल, म्हणजे कॉम्प्युटरला खोचायची किल्ली लागायची, आणि फॉन्ट युनिकोड, म्हणजे सगळ्या मशीनवर चालणाऱ्या एकाच पद्धतीचे नव्हते. आपल्या मशीनवर छान दिसणारं मॅटर दुसऱ्याच्या मशीनवर उघडलं की नुसती चिन्हं. म्हणून फाइल ‘कर्व्ह करून’, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून पाठवायची. गिऱ्हाइकानं मोबाइलवर मजकूर पाठवला तरी तो पुन्हा टाइप करायचा. अशी बरीच वर्षं गेली.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं. आमच्या भिंतीवर २००५ च्या पुराची खूण होती, तीही बुडाली. दोन्ही कॉम्प्युटर, प्रिंटर, डोंगल, जुन्या कामांच्या सीडी, सगळ्याचा चिखल झाला. काकांची वहीही गेली. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

गाळ काढून झाल्यावर भाच्यानं एक सेकंडहँड लॅपटॉप आणला आणि म्हणाला, “मामा, आता डोंगल नको. युनिकोडवर जाऊ.” गूगल फॉन्ट्सवर मराठीचं एवढं काही फुकट मिळतं, हे मला तोवर माहीतच नव्हतं. फॉन्ट करणाऱ्या मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मोदक’ बघितला आणि मी खुळाच झालो. नावासारखाच गुबगुबीत. अक्षरं एवढी फुगलेली, की आतली पोकळी म्हणजे सुईनं मारलेली चीर. ‘यात्रा वन’ बघितला, मुंबईच्या लोकलच्या हातानं रंगवलेल्या पाट्यांवरून केलेला. त्यात मला काकांचा ब्रश दिसला. या फॉन्टचा परवानाही खुला आहे. धंद्याच्या कामात, लेबलवर बिनधास्त वापरा, फक्त नुसता फॉन्टच विकायला काढू नका. चोरून वापरायची धाकधूक संपली.

खुळाच झालो म्हटलं ते खरंच. त्या वर्षी गणपतीत आम्ही जे केलं ते ‘मोदक’मध्ये केलं. मथळा मोदक, पत्ता मोदक, फोन नंबर मोदक. एका मिठाईवाल्यांच्या पोस्टमध्ये तर पदार्थांची अख्खी यादी मोदकमध्ये होती. स्क्रीनवर ती मोठी करून बघितली तेव्हा झकास वाटली. मोबाइलवर काळे ठिपके. ते दुकानात येऊन म्हणाले, “भाऊ, गिऱ्हाईक विचारतंय, साटोरी आहे का खाटोरी?” बारीक आकारात त्या चिरा बुजतात. असा फॉन्ट एका शब्दाला, फार तर दोन शब्दांना. खालचं सगळं ‘मुक्ता’सारख्या साध्या फॉन्टमध्ये. आता हे भाच्याला सांगावं लागत नाही, मलाच अधूनमधून सांगावं लागतं.

त्याच दिवसांत आणखी एक गंमत कळली. मोदकच्या मथळ्याला पांढरी किनार दिली की शिरोरेषेवर प्रत्येक सांध्याला पांढरी रेघ दिसायला लागली. फॉन्टमध्ये एका अक्षराची शिरोरेषा पुढच्याच्या अंगावर थोडी चढलेली असते. किनार प्रत्येक अक्षराला वेगळी पडते, म्हणून जोड उघडा पडतो. रेडियममध्ये तर प्लॉटरनं जोडाजोडावर कापून शब्दाचे तुकडेच हातात दिले. तेव्हापासून आधी कर्व्ह, मग वेल्ड (सगळे आकार जोडून एकसंध), मग किनार. अक्षरांत अंतर वाढवायचं तर नावच नको. इंग्रजीत ते रुबाबदार दिसतं, मराठीत शिरोरेषा तुटते आणि दात पडल्यासारखं दिसतं. काकांची दोरी तेव्हा आठवते.

आता त्या आंब्याकडे येतो.

पुढच्या मार्चमध्ये एका बागायतदाराचं काम आलं. खोक्यावरची लेबलं, स्टेटसला ठेवायच्या पाच पोस्ट आणि हायवेवरच्या स्टॉलसाठी एक फ्लेक्स. ओळ त्यांचीच होती, ‘खऱ्या हापूसची खरी गोडी’. मोदक सगळ्यांकडे दिसायला लागला होता, म्हणून मी कुठून तरी एक नक्षीदार फॉन्ट उतरवला. वेलांट्यांना पानं, उकारांना कोयऱ्या. ‘हापूस’चा ऊकार तर असा वळला होता की डिझाइन तिथंच झालं. पण ‘खऱ्या’ उमटेना. र खाली टिंब, पायाला हलन्त, मग सुटा य. ज्यानं फॉन्ट केला त्याला आपला हा आडवा अर्धा र ठाऊकच नसावा. रात्रीचे अकरा वाजले होते. मी साधा र् आणि य टाइप केला. छान जोडाक्षर झालं, य च्या डोक्यावर रफार. ‘खर्या’. मलाही ते बरोबरच वाटलं, डोळा कोयरीवर होता ना. प्रूफ व्हॉट्सअ‍ॅपवर गेलं, तिकडून अंगठा आला, दोन हजार लेबलं छापली.

चौथ्या दिवशी त्यांची आत्या पॅकिंगला बसली. निवृत्त शिक्षिका. तिनं मलाच फोन लावला. “कार्य, सूर्य, तसं हे खर्या वाचायचं का? खर्या म्हणजे काय हो?” मला पहिल्यांदा कळलंच नाही. मग लेबल हातात घेतलं आणि घाम फुटला. लेबलं आमच्या खर्चानं पुन्हा छापली. फ्लेक्स बदलायला मी स्वतः गेलो. तोवर तीनशे खोकी मुंबईला गेली होती, ती गेलीच. बागायतदार अजून मला ‘खर्याशेठ’ म्हणून हाक मारतात. काम मात्र आम्हालाच देतात, हा त्यांचा मोठेपणा.

आता कॉम्प्युटरवर एक ओळ चिकटवलेली आहे. नवा फॉन्ट आला की गिऱ्हाइकाला दाखवण्याआधी ती त्यात लिहून बघायची : ‘वऱ्हाडातल्या ॲडव्होकेटनं लाल शाल पांघरून शृंगारपूरच्या तळ्यात ज्ञानाचा उद्धार केला.’ बायकोनं रचली. अर्थ शोधू नका. आडवा र, ॲ, ळ, ज्ञ, द्ध, शृ सगळं त्यात येतं. ल पाकळीचा आणि श देठाचा, म्हणजे आपला मराठी येतो की हिंदी वळणाचा, तेही दिसतं. बरेच सुंदर फॉन्ट पहिल्याच शब्दाला आडवे होतात. जुन्या फोटोशॉपमध्ये भारतीय लिपींसाठीचा साउथ एशियन पर्याय चालू नसेल तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पलीकडे जाऊन बसते. तो दोष फॉन्टचा नाही, आपला. आणि प्रूफ आता कागदावर काढून देतो. अंगठा चालत नाही, सही लागते.

परवा एका बचत गटाच्या बायका कोकमाच्या बाटलीचं लेबल घेऊन आल्या होत्या. जुन्या लेबलवर गटाचं लांबलचक नाव ठळक आणि ‘आगळ’, म्हणजे आतला कोकमाचा रस, कोपऱ्यात. भाच्यानं ‘आगळ’ एवढंच मोदकमध्ये टाकलं, जांभळ्या रंगात. कागद कापून बाटलीला गुंडाळला आणि बाटली रस्त्यापलीकडच्या किराणावाल्याच्या फळीवर ठेवून आला. आम्ही सगळे दारात उभे. गोल बाटलीवर ‘आ’ कान्यासकट मागे वळून गेला होता आणि इथून ‘गळ’ एवढंच दिसत होतं.

“मासे पकडायचं औषध वाटतंय,” एक ताई म्हणाल्या.

शब्द वीस टक्के लहान केला. उरलेलं आज संध्याकाळी बघायचंय.