कुपवाडच्या कारखान्यात स्टॉक सॉफ्टवेअरवर आणताना

कुपवाड एमआयडीसीत आमचं टर्निंगचं काम. ट्रॅक्टरला लागणाऱ्या पिना आणि बुश बनवतो. एकच पाळी होती तोवर स्टोअरचा हिशेब स्टोअर सांभाळणाऱ्या मामांच्या वहीत बसायचा. मशीनं वाढली, रात्रपाळी सुरू झाली आणि वहीतला माल व रॅकवरचा माल यांचा मेळ लागेना. तेव्हा ईआरपीनेक्स्ट हे कारखान्याचा स्टॉक, खरेदी, उत्पादन असा सगळा हिशेब एका जागी ठेवणारं सॉफ्टवेअर घेतलं. ओपन सोर्स आहे, लायसन्सचे पैसे पडत नाहीत. पण सर्व्हर आणि बसवून देणारा माणूस यांचा खर्च धरूनच चाला.

सगळ्यात जास्त डोकं लागलं ते किलो आणि नगाच्या हिशेबाला. बार किलोवर विकत येतो, पिना नगावर जातात. राउंड बारचं मीटरचं वजन म्हणजे मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२. ४० एमएमचा बार मीटरला ९.८८ किलो भरतो. आमच्या एका पिनेला कटिंगसकट ८८ एमएम जातात, म्हणजे साधारण ८७० ग्रॅम. तयार पीन ६१० ग्रॅमची. राहिलेले २६० ग्रॅम भंगारात दिसलेच पाहिजेत. हे सगळं बीओएममध्ये, म्हणजे एका नगाला काय आणि किती लागतं त्या यादीत, भरलं आणि भंगाराची गाडी काट्यावर गेली की तो आकडा ताडून बघायला लागलो. स्टॉक खरा की खोटा, हे भंगाराच्या वजनाइतकं लख्ख कशातच दिसत नाही, असं माझं ठाम मत आहे.

खटका उडाला रात्रपाळीत. आवक चढवल्याशिवाय सिस्टीम माल इश्यू करू देत नाही. सुपरवायझर म्हणायचा, "मामा, बार समोर पडलाय, मशीन उभं आहे. कागद सकाळी करू की!" निगेटिव्ह स्टॉकची, म्हणजे नोंदीत नसलेला माल इश्यू करायची, परवानगी सेटिंगमध्ये एक टिक केली की चालू होते, आणि तसा आग्रहही झाला. आम्ही ती दिली नाही. त्याऐवजी सुपरवायझरलाच मोबाइलवरून आवक चढवायचे अधिकार दिले. आठवडाभर कुरकुर झाली, मग हात बसला.

आयटमची नावं एकसारखी करणं, सुरुवातीची मोजणी, ही कामं कंटाळवाणी आहेत पण होतात. मोजणीच्या दिवशी मशीनं मात्र पूर्ण बंद ठेवा.

जॉबवर्कचा माल हा वेगळाच विषय. हीट ट्रीटमेंटला किंवा प्लेटिंगला गेलेला माल आपलाच असतो, पण डोळ्यासमोर नसतो. म्हणून प्रत्येक जॉबवर्करच्या नावानं सिस्टीममध्ये वेगळं गोदाम उघडलं. जीएसटीत असा माल एका वर्षात परत आला नाही, तर पाठवला त्या दिवशीच पुरवठा झाला असं धरून कर बसतो, वर व्याज. आता मामा दर सोमवारी माल पाठवल्याच्या जुन्या चलनांची यादी काढतात आणि नऊ महिने उलटलेलं चलन दिसलं की जॉबवर्करला स्वतः फोन लावतात.