ब्रिटनचा बॉक्सर कधी पाउंड फॉर पाउंड एक नंबर होता का? तुम्ही विचारलंत म्हणून

मी काही वर्षं नोकरीनिमित्त वेल्सच्या राजधानीत, कार्डिफला होतो आणि मला बॉक्सिंगचं वेड आहे, या दोन गोष्टी ज्याला एकदम कळतात तो हमखास एकच प्रश्न विचारतो. ऑफिसात विचारतात, लग्नात जेवताना शेजारी बसलेला विचारतो, आणि भाचा तर प्रत्येक मोठ्या फाइटनंतर मेसेज टाकतो की मामा, ब्रिटनचा कुणी कधी जगात पाउंड फॉर पाउंड एक नंबर होता का रे? दरवेळी मी घाईत दोन ओळी खरडतो आणि मग रात्री वाटत राहतं की हे काय उत्तर झालं. तर आता एकदाच बसून लिहितो, पुढच्या वेळी कुणी विचारलं की हेच पुढे सरकवणार.

दोन ओळींचं उत्तर आधी देतो. नाही. 'द रिंग' नावाचं अमेरिकन मासिक आहे, १९२२ पासूनचं, बॉक्सिंगवाले त्याला बायबल म्हणतात. ते साधारण १९८०चं दशक संपता संपता पाउंड फॉर पाउंडची यादी नियमित काढायला लागले आणि त्या यादीत सगळ्यात वर आजपर्यंत टायसन, चावेझ, व्हिटेकर, रॉय जोन्स, मेवेदर, पॅकियाओ, क्रॉफर्ड, जपानचा इनोए, युक्रेनचा उसिक असे लोक बसून गेले, निकाराग्वासारख्या छोट्या देशाचा रोमन गोन्झालेझसुद्धा बसला, पण ब्रिटनचा एकही नाही. ज्या देशाने ग्लोव्हज घाला, तीन मिनिटांचा राउंड, दहा मोजेपर्यंत उठला नाही तर हरला, हे सगळे क्वीन्सबेरी नियम १८६७ मध्ये छापून जगाला दिले त्याच देशाचा एकही नाही. गंमतच आहे.

आता ज्यांना पाउंड फॉर पाउंड म्हणजे काय तेच माहीत नाही त्यांच्यासाठी. कुस्तीत कसं, ५७ किलोचा पैलवान आणि १२० किलोचा पैलवान एका मातीत उतरवत नाहीत, पण कट्ट्यावर वाद घालताना आपण म्हणतोच की अरे खाशाबा जाधवांच्या अंगात त्या हेवीवेटवाल्याएवढं वजन असतं तर काय केलं असतं त्यांनी. बस, तेच. वजन बाजूला ठेवायचं आणि मग कोण सगळ्यात भारी ते ठरवायचं. म्हणजे ही प्रत्यक्षात कधीच न होणाऱ्या फाइटची यादी आहे, त्यामुळे भांडायला एकदम मस्त. हा शब्द खरा चिकटला तो शुगर रे रॉबिन्सनला, त्याचं नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सगळ्यात जवळ कोण गेलं म्हणाल तर जो काल्झागी. जन्म लंडनचा पण पक्का वेल्श, न्यूब्रिज नावाच्या गावातला, आणि ट्रेनर कोण तर बाप, एन्झो, मूळ सार्डिनियाचा, धंद्याने म्युझिशियन! स्वतः कधी प्रोफेशनल फाइट न लढलेल्या या माणसाने पोराला जे शिकवलं ते पुस्तकात कुठेच नव्हतं, हात इतके भराभर चालायचे की टीकाकार म्हणायचे हा ठोसे मारत नाही, चापट्या मारतो. १९९७ मध्ये ख्रिस युबँकला हरवून सुपर मिडलवेट या वजनगटाचा बेल्ट, म्हणजे जगज्जेतेपद, घेतला तो अकरा वर्षं सोडलाच नाही, एकवीस वेळा राखला. पण बरीच वर्षं घरच्याच मैदानावर, त्यात हात सारखे दुखावलेले, आणि अमेरिकेत पहिली फाइट कधी, तर २००८ मध्ये. तोपर्यंत अमेरिकन पत्रकार म्हणायचे, कोण हा?

मी कार्डिफला गेलो तेच २००७ साल. ३ नोव्हेंबरला मिलेनियम स्टेडियममध्ये काल्झागी विरुद्ध मिकेल केसलर, दोघेही एकही फाइट न हरलेले. मी तिकीट काढलं नाही कारण घराचं डिपॉझिट भरून खिसा रिकामा झालेला, पण स्टेडियमपासून चालत पंधरा मिनिटांवर राहायचो आणि त्या रात्री गावात जे काही चाललं होतं ना, आपल्याकडे विसर्जनाच्या रात्री लक्ष्मी रोडला असतं तसं, फक्त ढोलांऐवजी बियर. पन्नास हजारांच्या वर लोक, आणि अमेरिकेतल्या टीव्हीची वेळ सांभाळायची म्हणून फाइट मध्यरात्र उलटल्यावर. मी खिडकी उघडी टाकून बसलो होतो, थंडी मरणाची. आवाज वाढला की समजायचं जोने काहीतरी केलं, आणि आवाज मध्येच पडला की पोटात गोळा. सकाळी पेपरात बघितलं तर बाराही राउंड झालेले आणि जो जिंकलेला.

त्यानंतर तो लास व्हेगसला जाऊन बर्नार्ड हॉपकिन्सला हरवून आला, न्यूयॉर्कला रॉय जोन्सला हरवून आला. दोन्ही फाइट्समध्ये पहिल्याच राउंडला खाली पडला आणि उठून दोन्ही जिंकला. ४६ फाइट्स, हार शून्य, आणि २००९च्या सुरुवातीला रिटायर. यादीत पहिल्या तिनात आला पण वर मेवेदर, मग पॅकियाओ. आणि खरं सांगू का, कार्डिफमधले माझे मित्र मला मारतील, पण मला ते बरोबरच वाटतं. हॉपकिन्स तेव्हा ४३ वर्षांचा, जोन्स ३९चा. हेच दोघं दहा वर्षं आधी भेटले असते आणि जोने त्यांना हरवलं असतं तर हा लेख एका ओळीत संपला असता.

रिकी हॅटनचं उत्तर तर लगेच मिळालं. काल्झागी-केसलरनंतर पाचच आठवड्यांत तो यादीतल्या एक नंबरवाल्याच्या, म्हणजे मेवेदरच्या, समोर व्हेगसमध्ये उभा होता, मँचेस्टरहून हजारोंनी माणसं गाणी म्हणत गेलेली, आणि दहाव्या राउंडला खेळ खलास. दीड वर्षाने पॅकियाओने दोन राउंडमध्येच झोपवला. हॅटन २०२५ मध्ये गेला, ४६ वर्षांचा होता, आणि मला अजूनही तो हरल्याबद्दल राग येत नाही, फार कमी बॉक्सर असे असतात. शेफील्डचा प्रिन्स नसीम दोरांवरून कोलांटी मारून रिंगमध्ये यायचा, वाटलं होतं हा जाणार वर, २००१ मध्ये बरेराने त्याला बारा राउंड शाळा शिकवली आणि त्यानंतर एकच फाइट खेळून विषय संपला. लेनॉक्स लुइस हेवीवेटचा निर्विवाद राजा होता पण हेवीवेटवाल्यांना या यादीत तसंही कमीच मोजतात, कारण वजन बाजूला काढलं की त्यांचं उरतं काय असं लोकांना वाटतं. जॉश टेलरने २०२१ मध्ये आपल्या वजनातले चारही जागतिक संघटनांचे बेल्ट गोळा केले, तोही पहिल्या दहात आला, वर नाही.

मग ब्रिटनचा वाटा काय? हे मला फार उशिरा लक्षात आलं. हे लोक एक नंबर होत नाहीत, हे एक नंबरवाल्याला पाडतात.

१९५१चा जुलै घ्या. रॉबिन्सन, ज्याच्यासाठी पाउंड फॉर पाउंड हा शब्द लोकांच्या तोंडी बसला तो रॉबिन्सन, मिडलवेट चॅम्पियन, १३० च्या आसपास फाइट्समध्ये एकदाच हरलेला, गुलाबी कॅडिलॅक आणि नोकरचाकरांचा लवाजमा घेऊन युरोपच्या दौऱ्यावर आलेला. मजा करत, मधूनमधून फाइट खेळत. दौऱ्यातली शेवटची फाइट लंडनला अर्ल्स कोर्टमध्ये, समोर लेमिंग्टन स्पाचा २३ वर्षांचा रँडॉल्फ टर्पिन, वडील ब्रिटिश गयानाहून आलेले आणि पोरगा लहान असतानाच वारलेले. कुणी त्याला धरलंच नव्हतं. आणि पंधरा राउंड झाल्यावर रेफ्रीने सरळ टर्पिनचा हात वर केला, तेव्हा ब्रिटनमध्ये निकाल एकटा रेफ्रीच द्यायचा, तीन जज वगैरे भानगड नाही, आणि त्या रात्री कुणाला त्या निकालाबद्दल शंकाही नव्हती. रॉबिन्सनने स्वतःच मान्य केलं.

६४ दिवस. १० जुलै ते १२ सप्टेंबर. एवढे दिवस जगातल्या सगळ्यात भारी माणसाला हरवलेला माणूस वॉरिकशायरचा होता. त्या ६४ दिवसांत 'द रिंग'ची यादी असती तर टर्पिन वर बसला असता का? मला नाही वाटत, एका रात्रीवर कुणी वर बसत नाही, पण वाद घालायला जागा आहे. मग न्यूयॉर्कला पोलो ग्राउंड्सवर परत मॅच, साठ हजारांवर माणूस, दहाव्या राउंडला रॉबिन्सनची भुवई फुटून रक्ताची धार लागलेली, आता फाइट थांबवतील या भीतीने तो असा काही तुटून पडला की राउंड संपायला काही सेकंद असताना रेफ्रीने फाइट थांबवून टर्पिनला वाचवलं. टर्पिनचं पुढे फार वाईट झालं, पैसा गेला, टॅक्सवाले मागे लागले, १९६६ मध्ये त्याने जीव दिला. वॉरिकच्या बाजारचौकात त्याचा पुतळा आहे, आम्ही किल्ला बघायला गेलो होतो तेव्हा अचानक समोर आला, बायको म्हणाली हा कोण, आणि मग तिथे उभ्या उभ्या वरची सगळी स्टोरी तिला ऐकावी लागली बिचारीला.

१९८६ मध्ये परत तेच. डोनाल्ड करी, वेल्टरवेट, तेव्हा मिडलवेट चॅम्पियन हॅगलरच्या जोडीने जगात सर्वोत्तम म्हणून ज्याचं नाव घ्यायचे. समोर लॉइड हनिगन, जन्म जमैकाचा, वाढलेला लंडनमध्ये, अमेरिकेत त्याला कुणी ओळखतही नव्हतं. सहा राउंडनंतर करी स्टुलावरून उठलाच नाही! आणि हनिगनने पुढे काय केलं माहितीये, त्यातला एक बेल्ट दक्षिण आफ्रिकेच्या बॉक्सरशी लढून राखायची वेळ आली तर वर्णभेदाच्या निषेधात तो बेल्ट चक्क कचऱ्याच्या डब्यात टाकला. मला हा माणूस त्यामुळे जास्त आवडतो, फाइटमुळे नाही.

अलीकडे मात्र गाडी उलटी फिरलीय. उसिक हेवीवेट असूनही एक नंबरला गेला तो कुणाच्या पाठीवर पाय देऊन? बेल्यू, चिसोरा, जोशुआ दोनदा, डुबॉइस दोनदा, फ्युरी दोनदा. सगळे ब्रिटिश. म्हणजे शिडी ब्रिटिशांची आणि चढला युक्रेनवाला. बायकांमध्येही जवळ जाऊन आलेत, सव्हाना मार्शलने २०१२ मध्ये हौशी बॉक्सिंगमध्ये अमेरिकेच्या क्लॅरेसा शील्ड्सला, बायकांमधली सर्वोत्तम म्हणून जिचं नाव घेतात तिला, हरवलं होतं, पण दहा वर्षांनी लंडनला, जेव्हा खरे बेल्ट पणाला होते, तेव्हा शील्ड्स जिंकली.

माझं उत्तर विचाराल, मासिकाचं नाही, तर एक माणूस होता. जिमी वाइल्ड.

वेल्समधल्या ऱ्होंडा खोऱ्यातल्या टायलर्सटाउनचा कोळसा खाणीतला पोरगा. उंची सव्वापाच फुटांच्या आसपास, वजन धड १०० पाउंड, म्हणजे ४५ किलो, आपल्याकडे कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या पोराचं असतं तेवढं. इतका बारका की जिथे मोठ्या माणसाला शिरता यायचं नाही अशा अरुंद थरात त्याला कोळसा काढायला पाठवायचे. जत्रेतल्या तंबूत लढायचा, समोर कुणीही यावं, टिकला तर पैसे, तसल्या फाइट्स. आणि मारायचा असा की 'द रिंग'नेच २००३ मध्ये सगळ्या काळातल्या सगळ्या वजनाच्या जबर ठोसेबाजांची यादी केली त्यात हा तिसरा, पुढे फक्त जो लुइस आणि सॅम लँगफर्ड. ४५ किलोचा माणूस, हेवीवेटवाल्यांच्या पंगतीत!

आणि मुद्दा असा की बाकी सगळ्यांच्या बाबतीत वजन बाजूला ठेवून बघा असं आपण कल्पनेत म्हणतो, याने ते प्रत्यक्षात केलं. फ्लायवेट या वजनगटाची मर्यादा ११२ पाउंड, हा त्याहूनही दहा-बारा पाउंड कमी, आणि बँटमवेटच्या, फेदरवेटच्या, म्हणजे आणखी जड गटातल्या लोकांशी लढून जिंकायचा. १९१६ मध्ये जगज्जेता झाला. १९२१ मध्ये लंडनला पीट हर्मनशी फाइट होती, हर्मन ठरल्यापेक्षा जड आला, वाइल्ड म्हणाला नाही लढत, पण खाली प्रिन्स ऑफ वेल्स येऊन बसलेला, म्हणून उतरला, आणि सतराव्या राउंडपर्यंत मार खात टिकला. १९२३ मध्ये न्यूयॉर्कला पांचो व्हियाने त्याला संपवला, ती शेवटची. 'द रिंग' सुरू झालं १९२२ला. म्हणजे यादी करणारे दुकान उघडेपर्यंत याचा माल विकून झालेला होता.

काही लोक बॉब फिट्झसिमन्सचं नाव घेतात, जन्म कॉर्नवॉलचा, १६७ पाउंडाचा असून १८९७ मध्ये हेवीवेट चॅम्पियन झालेला. घ्या. पण तो लहानपणीच न्यूझीलंडला गेला, लोहारकाम तिथे शिकला, बॉक्सिंग तिथे शिकला, मी त्याला ब्रिटनच्या खात्यात टाकत नाही.

मी एकदा रविवारी पाँटिप्रिडहून बस करून टायलर्सटाउनला गेलो होतो. डोंगराच्या उतारावर चिकटून चिकटून घरांच्या रांगा, खाणी कधीच बंद, बारीक पाऊस, बघायला काहीच नाही. एका म्हाताऱ्याला जिमी वाइल्ड कुठे राहायचा म्हणून विचारलं तर त्याने आधी मला वरपासून खालपर्यंत बघितलं, मग कुठून आलास विचारलं, इंडिया म्हटल्यावर अर्धा तास क्रिकेटवरच बोलला. घर राहिलंच. वाइल्ड म्हातारपणी कार्डिफलाच होता, सत्तरी उलटल्यावर रेल्वे स्टेशनवर कुणा गुंडाने त्याला मारहाण केली आणि त्यातून तो कधी नीट सावरला नाही, १९६९ मध्ये गेला. मी हे वाचलं तेव्हा त्याच गावात राहत होतो, रोज गाड्या पकडत होतो. त्या गुंडाला कळलं असेल का आपण कुणाला मारतोय?