चेनवरची तर्री

अण्णांनी चेनवर बोट फिरवलं, ते बोट अंगठ्यावर घासून बघितलं आणि म्हणाले, "हे तेल नाही राहिलं, व्हॉल्व घासायची पेस्ट झालीय." अण्णा सातपूर एमआयडीसीत तीस वर्षं फिटर होते, त्यामुळे असं काही बोलले की वाद घालण्यात अर्थ नसतो. पण मला राग आला, कारण आदल्याच रात्री मी चेनला मस्त भरपूर तेल पाजलं होतं आणि सकाळी गंगापूर रोडने गिरणाऱ्यापर्यंत जाऊन आलो होतो. फेब्रुवारी महिना, द्राक्षांचा सीझन, ट्रॅक्टर शेतातून निघतात ते टायरला लागलेली माती सगळी डांबरावर सांडत जातात, ती वाळते आणि मग दिवसभर उडत राहते. तर ती माती माझ्या चेनने वाटेत येईल तशी गोळा केली होती. हात लावला तर खरंच आतमध्ये बारीक खरखर लागत होती.

माझी गियरची सायकल २०१५ ची. त्या वर्षी आपल्या नाशिकच्या डॉक्टर महाजन बंधूंनी रेस अक्रॉस अमेरिका ही सायकलची शर्यत पूर्ण केली होती, जवळजवळ ४८०० किलोमीटर नऊ दिवसांच्या आत, ते पेपरात वाचून मला पण स्फुरण चढलं होतं. माझी मजल त्र्यंबकच्या पुढे फारशी गेली नाही ते सोडा. पण तेव्हापासून चेनला काय काय लावून झालंय ते सांगतो. शिलाई मशीनचं तेल लावलं, ते छान पातळ असतं, आत पटकन जातं, पण दोन राईडमध्ये गायब. मग बाईकचं उरलेलं इंजिन ऑइल लावलं, ते टिकलं पण पिंडरीवर काळे पट्टे, पँट गेली, आणि चेन अशी काळी की हात लावायची भीती. एकदा पावसाळ्यात चेन कुरकुरायला लागली म्हणून डब्ल्यूडी-४० नावाचा स्प्रे मारला. आवाज लगेच बंद, मी खूष, अंजनेरीच्या फाट्यापर्यंत जाईस्तोवर परत चीं चीं सुरू! नंतर वाचलं की त्या नावाचा अर्थच पाणी हटवणं असा आहे, १९५३ साली गंज लागू नये म्हणून बनवला होता आणि चाळिसाव्या प्रयत्नात जमला म्हणून ४०. पाणी हटवायला, गंजलेला नट सैल करायला झकास, पण चेनवर ते पातळ प्रकरण टिकत नाही. वर चेनमध्ये जे काही जुनं तेल उरलं असेल ते पण धुऊन काढतं. चूक माझी, त्याची नाही.

आणि आमचा देवळालीचा एक मित्र तर खोबरेल तेल लावायचा, घरात असतंच म्हणून. डिसेंबरात पहाटे साडेपाचला निघालो तर याच्या चेनवर पांढरं पांढरं गोठलेलं. खोबरेल चोवीस डिग्रीच्या आसपासच गोठायला लागतं, आपल्याकडे डिसेंबरची पहाट दहाबारावर असते, मग दुसरं काय होणार. शेंगदाण्याचं वगैरे गोठत नाही पण काही दिवसांनी चिकट होतं, जुन्या कढईच्या बुडाला हात लावून बघा.

तर मुद्दा असा की तेल कोणतं यापेक्षा ते कुठे बसलंय हे जास्त महत्त्वाचं, आणि हे मला मिसळ खाताना डोक्यात आलं (रविवारची राईड शेवटी मिसळीसाठीच असते, उगाच फिटनेसच्या गप्पा नकोत). वर तर्री लाल चकचकीत दिसते, पण चव खाली रश्श्यात आणि मटकीत. चेनचं तसंच. प्रत्येक कडीत एक पिन असते, तिच्याभोवती रोलर फिरतो, आणि झीज होते ती आत, पिन आणि आतली पट्टी जिथे घासतात तिथे. तेल तिथे पाहिजे. बाहेरच्या पट्टीवर गंज लागणार नाही इतका पुसट ओलावा राहिला की झालं. वर तर्री दिसतेय म्हणजे ती फक्त धूळ पकडायला ठेवलीय.

मी आता करतो ते असं. चेन आधी साफ, नाहीतर नवीन तेल घाण आत ढकलतं. रेशनचं निळं रॉकेल हल्ली मिळत नाही, मी डिग्रीजर, म्हणजे तेलकट घाण काढायचं द्रव, आणतो, जुना टूथब्रश, मग साबणपाणी, मग फडक्याने कोरडी आणि उन्हात अर्धा तास. पेट्रोल घेऊन गॅलरीत बसू नका, स्वयंपाकघर मागेच असतं. मग सायकल भिंतीला टेकवून जॉइंटच्या कडीपासून सुरुवात करायची म्हणजे फेरी कुठे संपली ते कळतं, खालच्या बाजूला चेनच्या आतल्या अंगाने एका रोलरवर एक थेंब, पेडल उलटं थोडं फिरवायचं, पुढचा रोलर, एक थेंब. माझ्या चेनला एकशे चौदा कड्या आहेत, म्हणजे सगळं मिळून चहाचा एखादा चमचा तेल होतं. बस. इतकंच. पहिल्यांदा केलं तेव्हा मला पण वाटलं होतं की एवढ्याशाने काय होणार. दहा-पंधरा वेळा पेडल उलटं फिरवून ते आत मुरू द्यायचं आणि मग फडकं घेऊन बाहेरून पुसायचं, फडक्यावर डाग यायचा जवळजवळ थांबेपर्यंत. पुसताना जीव तुटतो, चारशे-पाचशेची बाटली असते, पण पुसायचंच. आणि डिस्क ब्रेक असेल तर स्प्रे अजिबात नको, डिस्कवर एक फवारा गेला की ब्रेक किंचाळतो आणि पकडत नाही, उताराला ते कळलं तर काय होईल विचार करा.

बाटली कोणती म्हणाल तर नाशिकपुरतं सोपंय. जून ते सप्टेंबर वेट ल्यूब, म्हणजे ओलंच राहणारं जाडसर चेन-तेल, कारण त्र्यंबक-इगतपुरीकडचा पाऊस ड्राय ल्यूब एका राईडमध्ये धुऊन टाकतो. दिवाळीनंतर पार मेपर्यंत ड्राय. ड्राय म्हणजे नावाला, बाटलीतून ओलंच येतं, पण त्यातलं पातळ द्रव उडून जातं आणि मेणासारखा थर राहतो, म्हणून ते रात्री लावायचं आणि सकाळी निघायचं, लावलं आणि लगेच पळालो असं करून उपयोग नाही. एक मित्र पॅराफिनचं मेण गरम पाण्यावर वितळवून चेन त्यात बुडवतो, त्याची चेन खरंच चांदीसारखी दिसते, हात पण काळा होत नाही. मी घरी नुसता विषय काढला तर पातेल्याकडे बघून बायकोने जो चेहरा केला तो पुरेसा होता.

हे सगळं अण्णांना ऐकवलं तर म्हणाले, "आमच्या ॲटलसला आम्ही वर्षातून दोनदा तेल ओतायचो, कुप्पीने, धारच. वीस वर्षं चालली." मी म्हटलं, "अण्णा, तुमच्या सायकलला फुल चेनकव्हर होतं, धूळ आत जायचीच नाही, माझी चेन उघड्यावर संसार करते." ते गप्प बसले. म्हणजे पटलं, पण म्हणणार नाहीत.

पुढच्या रविवारी मात्र स्वतःच त्यांची कारखान्यातली स्टीलची पट्टी घेऊन आले. चेनची कडी अर्ध्या इंचाची असते, चोवीस कड्या म्हणजे बरोबर बारा इंच. पट्टीचं टोक एका पिनच्या मध्यावर धरलं, चष्मा कपाळावर, डोळा पट्टीला टेकलेला. "अर्धं सूत गेलीय." म्हणजे एक षोडशांश इंच, साधारण अर्धा टक्का. चेन ताणली जाते असं आपण म्हणतो पण कड्यांच्या पट्ट्या ताणल्या जात नाहीत, एकेका पिनपाशी थोडं थोडं घासून ढिलं होतं आणि ते सगळं मिळून लांबी वाढते. अकरा-बारा गियरवाल्यांनी अर्ध्या सुतालाच चेन बदलावी, माझी आठची आहे, थोडी कळ काढेल. पण पूर्ण सूत झालं की मागची दातेरी चक्रं पण खाऊन टाकते, मग चेन आणि कॅसेट (त्या चक्रांचा संच) दोन्हीचा खर्च.

मग अण्णा जिन्याखाली गेले, तिथे ॲटलस अजून उभी आहे, कव्हरचा स्क्रू सोडला, फडक्याने चेन पुसली आणि तीच पट्टी तिला लावली. बराच वेळ वाकून बघत होते. मी विचारलं किती, तर पट्टी खिशात टाकली आणि म्हणाले, "चहा ठेव जरा."